पाच विद्वानांची संमती

‘या कोशाच्या चौथ्या आवृत्तीतील प्रत्येक इंग्रजी शब्दाचा उर्दू अर्थ व उपयोग पाच विद्वानांच्या समितीने साधकबाधक चर्चेनंतर एकमताने मंजूर केला आहे.’

लाहोरच्या इदारा-ए-लुगतनवीसी या संस्थेच्या कोशात, तिसऱ्या पानावर, हिरव्या वेलबुट्टीच्या चौकटीत हे वाक्य छापलेले आहे. वाक्य देखणे आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि त्यातले ‘चौथ्या आवृत्तीतील’ हे दोन शब्द खरेही आहेत.

बाकीचे शब्द तपासायचे तर पाच या आकड्यापासून सुरुवात करावी. पहिले विद्वान प्रोफेसर नासिर बुखारी. हयातीत ते वर्षाला चाळीस शब्दही मंजूर करीत नसत. प्रत्येकावर हरकत घेत. वारल्यानंतर त्यांचा स्वभाव निवळला आणि त्यांनी नऊशे चाळीस शब्द विनातक्रार मंजूर केले. दुसरे जीलानी साहेब आठ वर्षांपासून मुलाकडे टोरांटोला होते आणि त्यांचा पत्ता इदाऱ्यात कोणाजवळ नव्हता. तिसरे मौलवी सिब्गतुल्लाह. यांचे घर मोझंगला, म्हणजे पायी वीस मिनिटांवर. पण त्यांना संचालक भीत असत, त्यामुळे ते टोरांटोपेक्षाही लांब पडत. चौथे स्वतः संचालक, डॉक्टर मुहतशिम अलवी. आणि पाचवी नुजहत किरमानी, उपसंपादक. तिचे टेबल आणि संचालकांचे दालन यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी होती. फळीपलीकडची शिंक अलीकडे ऐकू येई. प्रश्न मात्र कधी ऐकू आला नव्हता.

हे सारे नुजहतला ठाऊक होते. ठाऊक असून ती सव्वीस वर्षे त्या टेबलाशी बसत आली होती, हेही इथेच नोंदवलेले बरे.

मुळात पद्धत वाईट नव्हती. इदाऱ्याच्या संस्थापकांनी पाच विद्वानांना एका खोलीत बसवून पाहिले होते. पहिल्या तीन शब्दांतच दोघांचे बोलणे बंद झाले आणि तिसऱ्याने शेजाऱ्याच्या अंगावर दौत उपडी केली. तेव्हा त्यांनी गश्ती पद्धत काढली. प्रत्येक शब्दाचा मसुदा गुलाबी फाइलीत घालायचा, चपराशी अल्लाहदित्त्याने सायकलवरून ती घरोघर फिरवायची, प्रत्येकाने आपल्या रकान्यात ‘मंजूर’ किंवा ‘हरकत’ लिहून सही करायची. पंधरा दिवसांत ज्याचे उत्तर येणार नाही तो राजी आहे असे धरायचे. तीस वर्षे फाइल फिरली. मग अल्लाहदित्त्याचे गुडघे गेले, पाठोपाठ सायकल गेली, नव्या सायकलचा अर्ज कुठल्याशा मेजावर झोपी गेला, आणि फाइल फिरायची थांबली. पंधरा दिवस मात्र नियमाने भरत राहिले.

मार्चमधल्या एका सोमवारी दोन बायका नुजहतच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. पुढची पन्नाशीची, ताठ, हातात प्लास्टिकची फाइल. शाळेत मुख्याध्यापिका असावी असे पाहताक्षणी वाटावे, आणि होतीही, शेखूपुऱ्याला. मागची एकोणीस-वीस वर्षांची मुलगी चादर कपाळापर्यंत ओढून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

“नुजहत किरमानी तुम्हीच का?”

“हो. बसा ना.”

“बसायला नाही आले. मी खुर्शीद जबीन. ही माझ्या बहिणीची मुलगी, जुनैरा. हे बघा आधी.”

फाइलीतून तिने कोशाच्या एका पानाची छायाप्रत काढून टेबलावर ठेवली. वर न्यायालयाचा शिक्का होता. एका नोंदीभोवती कोणीतरी लाल शाईने वर्तुळ काढले होते.

‘कन्सेंट: रजामंदी, मंजुरी, परवानगी, खामोशी, हरकत न घेणे. उपयोग: मुलगी खामोश राहिली, अर्थात ती राजी होती.’

खाली बारीक अक्षरांत पाच नावे होती. पाचवे नुजहतचे.

हकीकत लांबण लावण्यासारखी नव्हती. जुनैरा परिचारिकेचे शिक्षण घेत होती, तिसरे वर्ष. जानेवारीत सुट्टीवर घरी गेली, तर वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे ताया, यांनी खालच्या बैठकीत तिचा निकाह तायाच्या मुलाशी लावून टाकला. ती वरच्या खोलीत तापाने पडली होती. बिर्याणीच्या ताटांचा आवाज तिला वर ऐकू येत होता. कशाबद्दल बिर्याणी, ते तिला संध्याकाळी आईने तोंड गोड करताना सांगितले. दोन भाषांत सफाईदार सही करणाऱ्या मुलीच्या नावापुढे कागदावर अंगठा होता. कोणाचा, हे अजून ठरायचे होते. बाराव्या दिवशी ती खालाच्या, म्हणजे या मावशीच्या, घरी निघून आली. रुखसती, म्हणजे सासरी पाठवणी, अजून झाली नव्हती. दावा हरली तर होणार होती.

“अर्ज इंग्रजीत आहे,” खुर्शीद जबीन म्हणाली. “कन्सेंट नव्हता, असं आम्ही लिहिलंय. साक्षी सगळ्या उर्दूत. तर त्यांच्या वकिलानं तुमचं हे पान काढलं. म्हणतो, मुलीला कळल्यावर ती अकरा दिवस गप्प होती ना? मग झाला कन्सेंट. पाच पाच आलिम लोक सांगतायत, मी नाही सांगत. आता मला एवढंच सांगा बाजी, ही पाच माणसं खरंच एकत्र बसून असं म्हणाली?”

नुजहतने पानाकडे पाहिले. मग मुलीकडे. “अकरा दिवस का गप्प राहिलीस, बेटा?”

“सगळे हेच विचारतात,” जुनैरा कॅलेंडरकडे पाहतच म्हणाली. “पहिल्या दिवशी वाटलं, अम्मी काहीतरी बोलेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, अब्बू माझ्याकडे बघतील, मग मी बोलेन. त्यांनी बघितलंच नाही. मग जुमा आला, मग पाहुणे आले. गप्प नव्हते मी, बाजी. कोणीतरी विचारेल म्हणून थांबले होते.” मग पहिल्यांदा तिने नजर खाली आणली आणि कागदावरच्या पाचव्या नावावर बोट ठेवले. “तुम्हाला विचारलं होतं का?”

नुजहतने ही नोंद प्रुफात पाहिली होती. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. वीज गेलेली, पंखा बंद, दीडशे पाने संध्याकाळपर्यंत छापखान्यात जायची होती. ‘खामोशी’ या शब्दाशी तिची पेन्सिल थांबली. तिने समासात एक छोटी आडवी रेघ ओढली, प्रश्नचिन्ह काढण्याइतपत धीर गोळा केला, आणि मग साडेचारच्या बसची आठवण होऊन रेघ खोडरबराने पुसून टाकली. आपण नाही तर दुसरे कोणीतरी हरकत घेईल, असे तिला त्या वेळी वाटले होते. असे वाटणारी माणसे एकाच इमारतीत पुरेशी जमली की त्याला संस्था म्हणतात.

“नाही,” ती म्हणाली. “विचारलं नव्हतं. पण मी पाहिलं होतं.”

खुर्शीद जबीनने छायाप्रत उचलून फाइलीत ठेवली. “हे न्यायालयात सांगाल?”

नुजहतने प्लायवूडच्या फळीकडे पाहिले. मुलीने ते पाहिले आणि पुन्हा कॅलेंडरकडे तोंड फिरवले.

डॉक्टर अलवी त्या दिवशी अतिशय खुशीत होते. न्यायालयाचे समन्स त्यांनी काचेखाली, आपल्या मानपत्रांच्या रांगेत ठेवले होते.

“या, नुजहत बीबी, या! खताई घ्या. अहो, अदालतीनं बोलावलंय मला. मला! इतक्या वर्षांत या मुलखात कोणी आपला कोश उघडला होता का? वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला तेवढा उघडायचे. आज त्यावर इन्साफ होणार आहे.”

“डॉक्टर साहेब, तो अर्थ चूक आहे.”

“कुठला?”

“ज्यावर इन्साफ होणार आहे तो.”

डॉक्टरांनी खताईचा तुकडा चहात बुडवला. “चूक कसा असेल? आपल्यात म्हणच आहे. खामोशी म्हणजे अर्धी रजामंदी.”

“अर्धी.”

“हो, अर्धी.”

“मग उरलेली अर्धी कुठून आली?”

“संपादकाला थोडी मोकळीक असते, बीबी. नाहीतर कोश आणि यादी यांत फरक काय राहिला?” खताई चहात तुटून पडली, ते चमच्याने ती शोधू लागले.

“आणि उपयोगाचं वाक्य? त्याला सनद कोणाची?”

हा प्रश्न त्या इमारतीत उद्धट मानला जाई. जुन्या उस्तादांचा दंडक असा की, मान्यवर लेखकाची ओळ सनद म्हणून मिळाल्याशिवाय कुठलाही उपयोग कोशात घालायचा नाही. एका क्षुल्लक क्रियापदाच्या सनदेसाठी बुखारी साहेबांनी एकदा तीन महिने ग्रंथालयात काढले होते, आणि ओळ सापडली त्या दिवशी सगळ्यांना हलवा वाटला होता.

“सनद बोलीतली आहे,” डॉक्टर म्हणाले.

“कोणाच्या बोलीतली?”

“आमच्या. आम्ही बोलतो ती बोली नव्हे का? लहानपणापासून घरात ऐकलंय ते. फुफी अशीच राजी झाली, आपा अशीच राजी झाली. सनद कसली मागता?” त्यांनी चमचा खाली ठेवला आणि आवाज कामकाजाचा केला. “हे बघा, गुरुवारी तारीख आहे. फाइल सोबत न्यायची आहे. कन्सेंटची गुलाबी फाइल कपाटात सापडत नाहीये.”

“कपाटातच आहे. कोरी आहे. ती कधी फिरलीच नाही.”

“तेच म्हणतोय मी. भरून घ्या. तारीख जुनी टाका. बुखारी साहेबांचं वळण तुम्हाला जमतंच.”

“तोवर ते वारले होते, डॉक्टर साहेब.”

“मग तारीख आणखी जरा जुनी टाका! एवढंही मीच सांगायचं का? टोरांटोवाल्यांची सही म्हणजे नुसती वेलांटी, ती अल्लाहदित्तासुद्धा करेल. मौलवी साहेबांचा रकाना कोरा ठेवला तरी चालेल. पंधरा दिवस होऊन गेलेत. आणि तुमची सही तर तुमचीच.”

“माझी सही मी केली नव्हती.”

“पण प्रूफ पाहिलं होतं ना? बोललात काही?” डॉक्टर प्रेमळ हसले. प्लायवूडच्या फळीला दुसऱ्या बाजूनेही कान होते तर. “नाही बोललात. मग झालं. जुलैत तुमची निवृत्ती आहे. मी दोन वर्षं वाढवून मागितलीत, कागद इथंच पडलाय माझ्या सहीसाठी. गुरुवार होऊन जाऊ दे. खताई घ्या ना, तुम्ही घेतलीच नाही.”

निवृत्तीनंतर नुजहतला जायला एक खोली होती, भावाच्या घरात, जिन्याखाली. तो कागद तिला हवा होता. हवा नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. गुलाबी फाइल घेऊन ती आपल्या टेबलाशी आली, पाच रकाने समोर मांडून बसली आणि पेनाचे टोपण काढले. बुखारी साहेबांचे वळण तिला खरोखरच येत होते, कारण उमेदवारीच्या पहिल्या वर्षी त्यांनीच तिच्याकडून ते गिरवून घेतले होते, आपल्या टिपणांची नक्कल करता यावी म्हणून. पहिले अक्षर काढायला हात गेला आणि तिला त्यांचा चेहरा आठवला: सनद न मिळालेल्या शब्दाकडे ते जसे पाहत, तसा. तिने टोपण लावले आणि फाइल पिशवीत टाकून ती मोझंगला गेली.

मौलवी सिब्गतुल्लाह चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. बाजेवर बसून ते मुळ्याचा पराठा खात होते, आणि खाली बांधलेल्या बकरीला मुळ्याचा पाला घालत होते.

“नुजहत? जिवंत आहेस? किती वर्षांनी! अगं, कोश पुरा झाल्याचं मला कोणी कळवलंही नाही. नऊ वर्षांपूर्वी फाइल यायची बंद झाली, तेव्हा मी समजलो, झालं काम. दोन रकात शुक्रान्याची नमाज पढलो मी.”

“पुरा नाही झाला, मौलवी साहेब. चौथी आवृत्ती निघाली. तुम्ही मंजूर केलेली.”

“मी?” म्हाताऱ्याने पराठा खाली ठेवला. “मी तर मधल्या काळात फक्त दोन दातांना जायची मंजुरी दिली.”

नुजहतने नोंद वाचून दाखवली. ‘उपयोग’ ऐकताना त्यांचे चावणे थांबले. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली, मग तिसऱ्यांदा. नंतर त्यांनी दाढीतून बोटे फिरवली, आणि बोलले तेव्हा आवाजातली थट्टा गेली होती.

“कुंवार मुलगी लाजून गप्प राहिली तर तिचं मौन मानावं, असं आमच्या किताबांत आहे. खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आधीची ओळ कोण वाचणार? आधी विचारायचं. कोणाशी, ते नाव घेऊन विचारायचं. ती नाही म्हणू शकेल अशा रीतीनं विचारायचं. रडली तर उठून परत यायचं. मौन हे उत्तर आहे, बीबी. सवालच केला नाही, तर जवाब कशाचा? मग तर ही बकरीही कसायाला राजी आहे. गप्पच आहे बिचारी.”

“गुरुवारी येऊन हे सांगाल?”

“मला नेऊ नकोस. मी अडीच तास बोलेन, सत्तर किताबांचे दाखले देईन, न्यायाधीश झोपी जाईल आणि मुलगी हरेल. आलिम माणसाला साक्षीला नेण्याइतकी वाईट गोष्ट नाही. तू त्या मुहतशिमला एवढंच विचारायला लाव: कोणाला विचारलंस? अर्थावर वाद घालू नका. अर्थावर तो तुम्हाला फजरच्या नमाजापासून रात्रीच्या इशापर्यंत फिरवेल. कोणाला विचारलंस, बस्स.” मग त्यांनी डोळे बारीक केले. “आणि तू? तुला दिसलं होतं ना हे?”

“दिसलं होतं.”

“मग?”

“गप्प राहिले.”

“राजी होतीस?”

“नाही.”

“हं,” मौलवी म्हणाले, आणि उरलेला पाला बकरीपुढे टाकला.

गुरुवारी साडेदहाला डॉक्टर अलवी काळी शेरवानी घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. नुजहतने फाइल त्यांच्या हातात बाहेरच दिली होती. ती दोरीने बांधलेली होती आणि त्यांनी ती सोडून पाहिली नाही. ज्या माणसाला वर्षानुवर्षे कोणी नाही म्हटलेले नाही, तो गाठी सोडून पाहत नाही. बाकावर जुनैरा आणि खाला बसल्या होत्या. पलीकडच्या बाकावर बाप आणि ताया. बाप आजही मुलीकडे पाहत नव्हता.

तायाच्या वकिलाने डॉक्टरांना त्यांच्या पदव्या विचारल्या. त्यांनी त्या सांगितल्या. नोंद बरोबर आहे का, विचारले. बरोबर आहे. पाच विद्वानांनी मंजूर केली? एकमताने. वकील समाधानाने खाली बसला.

मुलीच्या बाजूने वकील तस्नीम रंधावा उभ्या राहिल्या: ठेंगण्या, चष्मा साखळीला लटकवलेला, आवाज घरात दूधवाल्याशी बोलावे तसा.

“डॉक्टर साहेब, चर्चा झाली होती?”

“साधकबाधक.”

“किती वेळ?”

“विद्वान बसले की घड्याळ कोण बघतो?”

“प्रोफेसर बुखारींनी काही हरकत घेतली?”

“मुळीच नाही. ते अगदी शांत होते.”

“असणारच. तुमच्या नोंदवहीत मंजुरीची तारीख आहे, त्याच्या चौदा महिने आधी त्यांना मियानी साहेब कब्रस्तानात दफन केलं. शोकसभेत भाषण तुमचंच झालं होतं, बातमी आहे माझ्याकडे. फाइल कोणत्या पत्त्यावर पाठवलीत?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीश सकाळपासून कंटाळलेले होते. त्यांनी पेन खाली ठेवले. डॉक्टर म्हणाले की तारखेची चूक लिपिकाची असणार, फाइलीत सगळे स्पष्ट आहे, आणि त्यांनी ऐटीत दोरी सोडली. गुलाबी पुठ्ठा उघडला. पाच रकाने होते. पाचही कोरे.

त्यांनी पान उलटले. मागेही कोरे होते. मग त्यांचे बोट भर न्यायालयात नुजहतच्या दिशेने उठले. “हुजूर, ही बाई समितीवर आहे! हिनं प्रूफ पाहिलंय, तिथं बसलीय, विचारा तिला! एक शब्द बोलली नाही. हरकत होती तर बोलायची होती!”

न्यायाधीशांनी नुजहतकडे पाहिले. “बीबी, खरं आहे हे?”

नुजहत उभी राहिली. तिला जिन्याखालची खोली दिसली, आणि तिच्यातला तो खिडकी नसलेला उन्हाळा.

“खरं आहे, हुजूर. मी पाहिलं. चूक आहे हे मला कळलं. मी गप्प बसले, कारण घरी जायला उशीर होत होता आणि साहेबांची भीती वाटत होती. त्याला तुमच्या कायद्यात काय म्हणतात मला माहीत नाही. पण ती रजामंदी नव्हती. कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.”

“विचारलं होतं का कोणी?”

“नाही.”

न्यायाधीश साक्षीदाराकडे वळले. “डॉक्टर साहेब, सरळ सांगा. पाचांपैकी कोणाला विचारलंत?”

डॉक्टर अलवी काही बोलले नाहीत. त्यांनी शेरवानीचे वरचे बटण चाचपले, वकिलाकडे पाहिले. वकील आपल्या कागदांत काहीतरी फार महत्त्वाचे शोधत होता. पंखा फिरत राहिला. लघुलेखक हात वर धरून थांबला.

“तुम्ही गप्प आहात,” न्यायाधीश सौजन्याने म्हणाले. “तुमच्याच पुस्तकाप्रमाणे मी तुमची खामोशी लिहून घेऊ का? कोणालाही विचारलं नाही या म्हणण्याला साक्षीदार राजी आहे, असं?”

“नाही, नाही! हुजूर!” डॉक्टरांनी कठडा धरला. “खामोशीचा असा अर्थ काढू नका! मी बोलतो!”

आणि ते बोलले. ते सात मिनिटे बोलले. चांगल्या वक्त्याचा शाप असा की वाक्य सुरू झाले की ते पुरे केल्याशिवाय त्याला राहवत नाही.

त्या साक्षीनंतर तायाच्या वकिलाने कोशाचे पान मागे घेतले. पुढच्या तारखेला निकाह पढवणाऱ्याने, कोणी न विचारता, आपणहून सांगून टाकले की आपण जिना चढलो नव्हतो, निकाहातला वकील म्हणून मुलीची रजामंदी विचारून आणायला गेलेला ताया तंबाखू संपेपर्यंत अंगणातच उभा होता, आणि अंगठा तायाचाच आहे. निकाह झालाच नव्हता, असा निकाल लागला. जुनैरा वसतिगृहात परतली. बापाने तिच्यासाठी घराचे दार बंद केले, ते बंदच आहे. नुजहत जुलैत निवृत्त होऊन जिन्याखाली राहायला गेली. डॉक्टर अलवी अजून संचालक आहेत. चौथी आवृत्ती उर्दू बाजारात अजून विकली जाते, हिरव्या वेलबुट्टीच्या चौकटीसकट. ते पान बदलण्याचा प्रस्ताव गश्तीला काढला असल्याचे इदाऱ्याने कळवले आहे.

निकालपत्राला मात्र साक्षीचा उतारा जोडलेला आहे. साक्षीदाराला तो वाचून दाखवण्यात आला, त्याने तो बरोबर असल्याचे सांगून खाली सही केली. या एका कागदावरची सही त्याची स्वतःची आहे. उतारा असा:

‘कन्सेंट या शब्दाचा अर्थ आणि उपयोगाचे वाक्य मी एकट्याने, एका दुपारी जेवणानंतर लिहिले. समितीतील कोणालाही मी विचारले नाही. पंधरा दिवस कोणी नाही म्हटले नाही, म्हणून नोंदवहीत सर्वांच्या नावापुढे मी मंजूर असे लिहिले. विचारले असते तर त्यांनी नाही म्हटले असते, हे मला ठाऊक होते. म्हणूनच विचारले नाही.’